काजवे बघायला जाणारे आपण: अकोले तालुक्यातल्या एका नव्या सहलीचा इतिहास

आजचा विषय तसा छोटा वाटेल. मे महिना संपत येतो, वळवाचे दोन-चार पाऊस पडतात आणि आपल्या फोनवर एक ठराविक फोटो फिरायला लागतो: काळंभोर रान आणि त्यात हजारो पिवळसर-हिरवे ठिपके. खाली लिहिलेलं असतं, ‘भंडारदरा, काजवा महोत्सव’. मग मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या निघतात. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, वर्षातले जेमतेम तीन-चार आठवडे ही जत्रा भरते.

जत्रा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. जत्रेला इतिहास असतो, मानकरी असतात, नियम असतात. या जत्रेचे मानकरी कोण आणि नियम कोणाचे, हे अजून पुरतं ठरायचं आहे. आणि ते ठरेपर्यंत काजवे टिकतील का, हा प्रश्न आहे. म्हणून आज आपण या सहलीचा इतिहास बघू.

सुरुवात भाषेपासून करू. आपल्या भाषेत काजव्याला मान कधी होता? कानाखाली बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. भुकेनं चक्कर आली तरी काजवेच चमकतात. संस्कृतातला खद्योत म्हणजे आकाशात चमकणारा. नाव किती ऐटीचं! पण सुभाषितांमध्ये त्याचं काम एकच, सूर्यापुढे किंवा चंद्रापुढे फिका पडायचं. क्षुद्र माणसाची उपमा द्यायची तर काजवा हाताशी तयार. थोडक्यात, काजवा ही सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती, पण पैसे मोजून बघायला जायची गोष्ट नव्हती. ज्या गावात रात्री अंधार आहे, तिथे काजवा अंगणातच येतो. त्यासाठी प्रवास कोण करेल?

म्हणजे पहिला मुद्दा असा की काजव्यांची सहल सुरू व्हायची तर आधी बहुतेक लोकांच्या आयुष्यातून अंधार जावा लागतो आणि मग एखाद्या कोपऱ्यात तो शिल्लक राहावा लागतो. अकोल्याच्या डोंगरात तो शिल्लक राहिला. तो का राहिला, हा खरा इतिहास आहे.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, खाली कोकण. उत्तरेला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मध्ये रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. याच डोंगरात प्रवरा उगम पावते. राहणारे लोक मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. एकोणिसाव्या शतकात सावकारी आणि इंग्रजी अंमलाविरुद्ध इथे बंड झालं. त्याचे नेते राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. पुढे १८७८चा वनकायदा आला आणि ज्या रानात लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्या रानातलं त्यांचं येणं-जाणं, तोडणं-वेचणं सरकारच्या परवानगीवर आलं. हे लक्षात ठेवा, कारण ‘रान कोणाचं’ हा प्रश्न काजव्यांपर्यंत येणार आहे.

मग आलं धरण. नगर जिल्हा हा दुष्काळाचा जिल्हा. १८७६-७८चा दुष्काळ, १८९६-९७चा, लगेच १८९९-१९००चा. लागोपाठच्या तडाख्यांनंतर सरकारनं सिंचनाची मोठी कामं मनावर घेतली. १९१०मध्ये भंडारदऱ्याला प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६मध्ये पूर्ण झालं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन डॅम हे नाव पडलं. पाणी कुठे गेलं? खाली, पूर्वेला. कालव्यांवर ऊस उभा राहिला. १९५०च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि प्रवरेचा खालचा पट्टा महाराष्ट्राच्या राजकारणाचा आणि समृद्धीचा पट्टा झाला.

वरच्या गावांचं काय झालं? तिथे पडला तो पाऊस, आणि उरली ती भातखाचरं, नाचणी, वरई आणि हिरडा. पावसाळा संपला की मजुरीसाठी बाहेर पडायचं. नारायणगावच्या मजूर बाजारात आजही या भागातली माणसं उभी असतात. गंमत बघा, वीजही इथेच तयार होते. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वीजनिर्मिती आहे, आणि शेजारच्या घाटघरला २००८पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालतो. म्हणजे रात्री स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचं आणि शहरात मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. शहरांना उजेड पाठवणारा हा डोंगर स्वतः मात्र बराच काळ अंधारात राहिला.

१९८६मध्ये इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्यामुळे कारखाने, मोठी बांधकामं आणि झगमगाट यांना आळा बसला. तेव्हा आज आपण ज्याला ‘निसर्गानं दिलेला अंधार’ म्हणतो, तो नुसता निसर्गानं दिलेला नाही. त्यात दुर्लक्ष आहे, गरिबी आहे, वनकायदा आहे आणि अभयारण्यही आहे. काजव्यांचा हा मुलूख इतिहासानं राखलेला आहे, आणि त्याची किंमत बहुतांशी इथल्या माणसांनी मोजलेली आहे.

आता खुद्द काजव्याकडे येऊ. काजवा ही माशी नाही, तो भुंग्यांच्या गोतावळ्यातला कीटक, टणक पंखांचा. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीनं त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. ही दोन्ही नावं १८८०च्या दशकात राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञानं दिली. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १६६०च्या दशकात, रॉबर्ट बॉइलनं चमकणाऱ्या कुजक्या लाकडावर हवेच्या पंपाचा प्रयोग केला होता. हवा काढली की उजेड मालवतो, हवा सोडली की परत येतो.

पण आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते काजव्याचं आयुष्य. आपण जो उडताना बघतो तो त्याचा शेवटचा अंक. त्याआधी कित्येक महिने, काही जातींत वर्षाहूनही जास्त, तो अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात असतो. तिथे तो गोगलगायी आणि तसलेच मऊ अंगाचे जीव खातो. उडणारा काजवा जगतो फार तर दोन-तीन आठवडे. त्यातले बरेचसे काही खातसुद्धा नाहीत. एकच काम असतं, जोडीदार शोधायचा. नर उडत उडत ठरावीक लयीत चमकतो. मादी बहुधा खाली गवतावर, झुडपावर बसून उत्तर देते. उत्तर दिसलं तर पुढची पिढी. दिसलं नाही तर संपलं.

अकोल्यात हे काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, उंबर अशा झाडांवर जमतात, आणि कधी कधी अख्खं झाड एका लयीत लुकलुकतं. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, पांजरे, उडदावणे ही गावं त्यासाठी आता माहीत झाली आहेत. यातला हिरडा हा नुसता काजव्यांचं झाड नाही. बाळहिरडा वेचून विकणं हा इथल्या घरांचा जुना आधार आहे. ज्या झाडामुळे घरात चार पैसे येतात ते झाड कुऱ्हाडीपासून वाचतं, आणि ते वाचलं म्हणून काजव्यांनाही जागा उरते. असा तो एकमेकांत गुंतलेला हिशेब आहे.

सहली कशा सुरू झाल्या? भंडारदऱ्याला बाहेरची माणसं धरणापासूनच येत होती. आधी इंजिनिअर आणि साहेब, मग शाळांच्या सहली, रंधा धबधबा बघणारे, पुढे सिनेमावाले, आणि हरिश्चंद्रगड-रतनगडावर चढणारे ट्रेकर. काजवे या लोकांना वाटेत दिसायचे. ‘काजव्यांसाठीच जायचं’ ही कल्पना या शतकातली. राजूरजवळच्या पुरुषवाडीत ग्रासरूट्स या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामपर्यटन सुरू केलं. गावातल्या घरी जेवायचं, गावातल्याच माणसानं वाट दाखवायची, आणि काम घराघरांत फिरतं ठेवायचं. काजव्यांचा हंगाम हे त्यातलं मोठं आकर्षण ठरलं. नंतर भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचा महोत्सव आला, जलाशयाच्या काठानं तंबू आले, आणि मग समाजमाध्यमं आली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपर्यंतचा आणि पुढचा टप्पा झाल्यावर तर रस्ताही जवळ आला.

यातलं चांगलं आधी बोलू. काजव्यांचा काळ म्हणजे मृगाच्या आगेमागेचा काळ. भाताची दाढ तयार करायची, बी-खताला रोकड लागायची, आणि मजुरी तर थांबलेली. नेमक्या त्या दिवसांत घरी जेवणाऱ्या पाहुण्यांकडून, वाटाड्याच्या कामातून पैसे आले तर त्याची किंमत काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. शिवाय ज्या रानात पूर्वी ‘चोरून लाकूड तोडणारा’ म्हणून बघितलं जायचं, तिथेच माहीतगार म्हणून मान मिळणं, हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

आता दुसरी बाजू. काजव्याच्या आयुष्यातले जे दोन आठवडे वंश चालवायचे, नेमके तेच आपले सहलीचे दोन आठवडे. वळणावळणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, हेडलाइट सुरू. नराची खूण मादीला दिसेनाशी होते. मोबाइलची बॅटरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, त्याचाही तोच परिणाम. लोक झाडाजवळ जायला रस्ता सोडून गवतात शिरतात आणि मादी त्याच गवतात बसलेली असते. अळ्याही तिथल्याच ओल्या पाचोळ्यात. म्हणजे पायाखाली यंदाचेही जातात आणि पुढच्या वर्षाचेही. काजवे मुठीत, बाटलीत धरणारे आहेतच.

आणि एक दोष आपण फोटोलाही द्यायला हवा. सुरुवातीला सांगितलेला तो हजारो ठिपक्यांचा फोटो बहुतेक वेळा एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिवईवर ठेवून बराच वेळ एकामागून एक घेतलेले फोटो एकावर एक चढवलेले असतात. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. मग तसं बघायला आलेला माणूस म्हणतो, ‘एवढेच?’, आणि आणखी जवळ जातो. खरं तर डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गप्प बसून तेवढा वेळ दिला तर डोळ्यांना जे दिसतं ते फोटोपेक्षा वेगळं आणि जास्त असतं, कारण त्यात लय असते.

वनविभागानं अलीकडच्या वर्षांत प्रवेशाची वेळ, शुल्क, गाड्या कुठवर न्यायच्या, झाडाजवळ जायचं नाही, फ्लॅश वापरायचा नाही असे नियम घातले आहेत. ते योग्यच आहेत. पण नुसत्या नियमांनी काय होतं आणि काय होत नाही, हे बघायला आपण थोडं लांब, मेक्सिकोला जाऊ.

मोनार्क नावाचं नारिंगी-काळं फुलपाखरू आहे. आपल्याकडचा रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा त्याचाच भाऊबंद. उत्तर अमेरिकेतले कोट्यवधी मोनार्क हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून मध्य मेक्सिकोतल्या सुमारे ३००० मीटर उंचीच्या ओयामेल फरच्या रानात येतात. तिथल्या गावकऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या दिवसांत ती येतात, म्हणून ते पूर्वजांचे आत्मे मानले जातात. पण कॅनडाचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा दशकानुदशकं पंखांना पट्ट्या चिकटवून ती जातात कुठे ते शोधत होते. जानेवारी १९७५मध्ये त्यांच्यासाठी काम करणारे केन ब्रुगर आणि मिचोआकानच्याच कातालिना अग्वादो यांना ती जागा सापडली. ऑगस्ट १९७६मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये लेख आला आणि जगाला ‘शोध’ लागला. मग सहली सुरू झाल्या.

१९८६मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं ही रानं संरक्षित केली. मात्र ती सामूहिक मालकीची, तिथे त्यांना ‘एहिदो’ म्हणतात. मालकांना फारसं न विचारता तोडबंदी आली. उत्पन्न गेलं, भरपाई तोकडी, राग वाढला, आणि चोरटी तोड चालू राहिली. २०००मध्ये राखीव क्षेत्र वाढवताना मालकांना मोबदला देणारा निधी उभा झाला. सहलींचं काम, म्हणजे तिकीट, घोडे, वाटाडे, खाणावळी, हे एहिदोंच्या हाती होतं. तेव्हा कुठे रान राखण्यात गावाचा स्वार्थ आला. २००८मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा झालं. तरी गोष्ट सुखान्त नाही. एल रोसारियो या प्रसिद्ध ठिकाणाचे राखणदार ओमेरो गोमेस गोन्सालेस जानेवारी २०२०मध्ये बेपत्ता झाले आणि पुढे त्यांचा मृतदेह सापडला. आणि १९९६-९७च्या हिवाळ्यात १८ हेक्टर रान व्यापणारी फुलपाखरं २०२३-२४मध्ये ०.९० हेक्टरवर आली होती. पुढच्या हिवाळ्यात १.७९ हेक्टर झाली. त्याची मोठी कारणं सहलींत नाहीत. उत्तरेकडची तणनाशकं, कमी झालेली रुईवर्गीय झाडं, बदलतं हवामान, तोड ही ती कारणं.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, बघणाऱ्यांची गर्दी हे एकच संकट नसतं. काजव्यांच्या जागतिक आढाव्यातही शास्त्रज्ञांनी अधिवासाचा नाश, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं यांना वरचं स्थान दिलं आहे. तेव्हा पर्यटकांवर बंदी घातली आणि शेजारी रिसॉर्टचे दिवे रात्रभर चालू ठेवले, तर काय साधलं? दुसरी गोष्ट, रानाच्या धन्याला बाजूला ठेवून केलेलं संरक्षण कागदावर राहतं.

अमेरिकेत ग्रेट स्मोकी पर्वतात एका लयीत चमकणारे काजवे आहेत. ‘उत्तर अमेरिकेत असे काजवे नाहीत’ असं विज्ञान म्हणत होतं, तेव्हा लिन फाउस्ट नावाच्या बाईंनी शास्त्रज्ञांना कळवलं की आमच्या घरासमोर तर दर वर्षी दिसतात! १९९०च्या दशकात ते सिद्ध झालं. आता तिथे हंगामात लॉटरी निघते, ठरावीक गाड्यांनाच परवाना, आणि दिव्यांना लाल कागद लावायचा. मलेशियात सेलांगोर नदीवर लोक वल्ह्यांच्या होडीतून काजवे बघतात. मार्ग निघतात, काढले तर.

आपल्याकडे साधनं नाहीत असं नाही. अकोल्याचा आदिवासी भाग पाचव्या अनुसूचीत येतो, म्हणजे तिथे १९९६चा पेसा कायदा आहे, ग्रामसभेला वजन आहे. २००६चा वनहक्क कायदा आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावागावात लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. त्या नोंदवहीत काजव्याला एक पान द्यायला काय हरकत आहे? कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला पहिला दिसला, किती दिवस राहिला. चार-दोन पोरांना हे काम दिलं तर दहा वर्षांनी गावाच्या हातात स्वतःचा पुरावा असेल. आणि त्यावर गावच ठरवेल की एका रात्री किती गाड्या, कोणती झाडं मोकळी ठेवायची, कोणत्या आठवड्यात कोणालाच सोडायचं नाही. देवराई राखणाऱ्या माणसांना ‘इथे हात लावायचा नाही’ ही भाषा नवी नाही.

आणि आपण, जाणारे? गाडी गावात ठेवून वाटाड्याबरोबर चालत जाणं, दिवा अगदी लागलाच तर लाल कापड बांधून जमिनीकडे धरणं, रस्ता न सोडणं, गाणी न लावणं, गावातच जेवणं आणि त्याचे रास्त पैसे देणं. एवढं करता येत नसेल तर त्या वर्षी न जाणं हाही चांगला निर्णय आहे.

प्रवरेचं पाणी शंभर वर्षांपूर्वी वरच्या लोकांना न विचारता खाली गेलं. त्याचा फायदा कोणाला झाला, हे आपण बघितलं. आता त्याच डोंगराचा अंधार विकला जातो आहे. पाणी दर पावसाळ्यात परत भरतं. अंधाराचं आणि काजव्यांचं तसं नाही. म्हणून या वेळी विचारून घ्यावं, एवढंच आमचं म्हणणं आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.